नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश!

शेवटचं सॉफ्टवेअर कधी इन्स्टॉल केलंत, आठवतंय? मध्येच एक लांबलचक इंग्रजी मजकुराची खिडकी आली असेल. तुम्ही ती वाचली नसेल. खरं सांगायचं तर मीही आजवर एकदाही वाचली नव्हती. ‘आय ॲक्सेप्ट’वर टिक, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. व्हिडिओ प्लेअर असेल तर त्याने फारसं काही बिघडत नाही. पण तुम्ही बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर किंवा इंजिनिअरिंगला असाल आणि ते सॉफ्टवेअर दुसरं सॉफ्टवेअर बनवायचं साधन असेल, तर त्या खिडकीत तुमच्या पुढच्या कमाईच्या अटी लिहिलेल्या असतात. पहूरला राहणाऱ्या माझ्या मावसभावाला त्या यंदाच्या कापसाच्या सीझनमध्ये वाचाव्या लागल्या. जरा उशिराच.

पहूर माहीत नसेल तर सांगते. जळगावहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालात की अजिंठ्याच्या लेण्यांच्या अलीकडे, जामनेर तालुक्यातलं मोठं गाव. दिवाळी झाली की या भागातल्या रस्त्यांवर कापसाने भरलेल्या गाड्याच गाड्या. गावोगाव फिरून कापूस घेणाऱ्यांना इकडे ‘खेडा खरेदीवाले’ म्हणतात. त्यांचा सगळा हिशेब वहीत: भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलावा किती धरला, भाव काय ठरला, शेतकऱ्याने आधी किती उचल घेतली, बाकी किती राहिली. रात्री अकरा वाजता ही वही जुळवत बसायची.

भाऊ बीसीएच्या शेवटच्या वर्षाला. त्याने शेजारच्या व्यापारी काकांसाठी या वहीचाच प्रोग्राम बनवला. पायथनमध्ये. वजन टाका, भाव टाका, पावती तयार. आणि शेवटी रोजच्या भावाचा रंगीत ग्राफ, जो काकांना सगळ्यात जास्त आवडला. काका खूश झाले, त्यांनी आणखी तीन व्यापाऱ्यांना सांगितलं. भावाचा प्लॅन तयार झाला: प्रत्येकाकडून बारा हजार, प्रत्येक कॉम्प्युटरला वेगळी ‘की’, म्हणजे कोणी पेनड्राइव्हवर कॉपी मारून दुसऱ्याला देणार नाही. एका व्यापाऱ्याने तर पाचशेच्या स्टँप पेपरचा मसुदाही आणला. त्यात एक ओळ होती: हा प्रोग्राम पूर्णपणे बनवणाऱ्याच्या मालकीचा असून त्यात दुसऱ्या कोणाचा हक्क गुंतलेला नाही.

सही करण्याआधी भावाने तो मसुदा मला व्हॉट्सॲपवर पाठवला, कारण मी ‘पेपरात’ आहे आणि पेपरातल्या माणसाला कायदा कळतो असा आमच्या घरात समज आहे. मला कायदा कळत नाही. पण प्रश्न विचारायचं शिकवलंय. मी विचारलं, “हे खिडक्या, बटणं, ग्राफ, हे सगळं तू लिहिलंस?” तो म्हणाला, “छे गं, ते पायक्यूटीचं आहे.” “मग त्याचं लायसन्स?” “अगं, फ्री आहे ना ते!”

खरी गंमत इथेच आहे. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात दोन अर्थ कोंबलेले आहेत. आपल्याकडे ‘फुकट’ आणि ‘मोकळं’ असे दोन वेगळे शब्द आहेत, तरी आपण गोंधळ करतोच. पायक्यूटी फुकट मिळतं हे खरं. पण अटींशिवाय मिळतं असं नाही.

थोडं मागे जाऊ. प्रोग्रामच्या खिडक्या, बटणं, मेन्यू बनवण्यासाठी ‘क्यूटी’ नावाचा एक मोठा सांगाडा आहे. १९९४मध्ये नॉर्वेतल्या दोघांनी त्यासाठी कंपनी काढली. पुढे ती कंपनी ट्रोलटेक म्हणून ओळखली गेली. लिनक्सवरचं ‘केडीई’ हे डेस्कटॉप क्यूटीवर उभं राहिलं, पण तेव्हा क्यूटीचं लायसन्स पुरतं मोकळं नव्हतं. त्यावरून इतका वाद झाला की १९९७मध्ये ‘नोम’ नावाचं वेगळं डेस्कटॉप सुरू झालं. २०००मध्ये क्यूटीला जीपीएल हे मोकळं लायसन्स मिळालं. २००८मध्ये नोकियाने कंपनी घेतली आणि २००९मध्ये एलजीपीएल हे जरा सैल लायसन्सही जोडलं. आज क्यूटी एकाच वेळी दोन दारांतून मिळतं: पैसे भरून कमर्शियल, नाहीतर ओपन सोर्स. माल बराचसा तोच. अटी वेगळ्या.

क्यूटीचा ऑनलाइन इन्स्टॉलर उघडलात तर आधी तुमचं खातं मागतो. २०२०पासून ओपन सोर्सवाल्यांनाही हे खातं लागतं. तुमच्या खात्यावर कमर्शियल लायसन्स किंवा ट्रायल नोंदलेली असेल तर त्याप्रमाणे पर्याय दिसतात. ओपन सोर्सच्या दाराने गेलात तर एक पान येतं. त्यावर, ओपन सोर्सच्या जबाबदाऱ्या मी वाचल्या आणि मला मान्य आहेत, अशी एक चौकट असते. त्याखाली कंपनीचं नाव लिहा. नाहीतर, मी एकटा माणूस आहे, कुठल्या कंपनीसाठी क्यूटी वापरत नाही, यावर टिक करा. भावाने दुसरी टिक केली होती. का? तर कंपनीचं नाव लिहायचा कंटाळा आला म्हणून! तेव्हा काकांच्या दुकानाची पाटी त्याच्या डोक्यातही नव्हती.

निदान हा इन्स्टॉलर विचारतो तरी. पायक्यूटी म्हणजे क्यूटीला पायथनशी जोडणारा दुवा. तो इंग्लंडमधली रिव्हरबँक ही वेगळी कंपनी बनवते. त्याची दोनच लायसन्स: जीपीएल किंवा पैसे भरून कमर्शियल. आणि तो इन्स्टॉल कसा करतात? काळ्या पडद्यावर ‘पिप इन्स्टॉल’ आणि नाव. एंटर. संपलं. ना खिडकी, ना टिक. एंटर मारून पुढे जो प्रोग्राम तुम्ही लोकांच्या हातात देता, त्यावर जीपीएल लागू झालं हे तुम्हाला कोणी सांगत नाही. भावाने हे सगळं एका व्हिडिओ मालिकेतून शिकलं. त्या मालिकेचे तीसेक भाग आहेत आणि लायसन्स हा शब्द, तो म्हणतो, एकाही भागात आलेला नाही.

आता जीपीएलबद्दल. याबाबत कॉलेजमध्ये दोन अफवा फिरतात आणि दोन्ही चुकीच्या आहेत. पहिली: जीपीएल असेल तर विकता येत नाही. येतं. पाहिजे तेवढ्याला विका. दुसरी: जीपीएल असेल तर सगळा कोड इंटरनेटवर टाकावाच लागतो. तसंही नाही. तुम्ही घरी स्वतःपुरता वापरला तर कोणाला काहीच द्यायचं नाही. पण ज्याला प्रोग्राम दिलात, त्याला त्याचा सोर्स कोड मागता येतो, बदलता येतो आणि पुढे दुसऱ्याला देताही येतो. त्याला ‘कॉपी करायची नाही’ असं तुम्ही बजावू शकत नाही.

म्हणजे काय झालं बघा. भाऊ बारा हजाराला प्रोग्राम विकू शकतो. पण पहिल्या व्यापाऱ्याने तो दुसऱ्याला फुकट दिला तर भाऊ तक्रार करू शकत नाही. ‘की’ची अख्खी कल्पनाच बाद. आणि स्टँप पेपरवरची ती ओळ? ती सरळसरळ खोटी ठरते. त्यात दुसऱ्यांचा हक्क गुंतलेला आहे, आणि तो त्यांनी विशिष्ट अटींवर वापरायला दिलेला आहे.

हे त्याला पटायला वेळ लागला. “मग मी जे काही लिहितो ते सगळं त्यांचं? विंडोजवर लिहिलं तर मायक्रोसॉफ्टचं?” नाही. इथे मला आमच्या भरिताची मदत झाली. खानदेशात वांगं भाजायला पऱ्हाटी लागते, कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या झाडाच्या काड्या. पऱ्हाटीशिवाय भरिताला चव नाही, पण पऱ्हाटी ताटात येत नाही. ताटात वांगं येतं. तुम्ही ज्या एडिटरमध्ये टाइप करता, ज्या कंपायलरने प्रोग्राम तयार करता, ती पऱ्हाटी. जीसीसी हा कंपायलर स्वतः जीपीएल आहे, पण त्यातून निघालेला तुमचा प्रोग्राम जीपीएल होत नाही. त्यासाठी लायसन्समध्ये खास सवलत लिहून ठेवलीय. पायथनच्या प्रोग्रामची विंडोजवर चालणारी फाइल बनवणारं पायइन्स्टॉलरही तसंच. पण पायक्यूटी ही पऱ्हाटी नाही. ते वांगं आहे. ते तुमच्या प्रोग्रामसोबत व्यापाऱ्याच्या कॉम्प्युटरवर जातं.

(पऱ्हाटी ताटात येत नसली तरी ती कोणाच्या शेतातून आणली हा प्रश्न असतोच. त्याकडे पुढे येते.)

मग आता लायसन्स बदलायचं कसं? भावाला वाटलं, सोपं आहे. चार पैसे मिळाले की कमर्शियल घेऊन टाकू, आज ओपन सोर्स, उद्या कमर्शियल. इथे ‘पीजे’ची आठवण काढावी लागते. पाचोरा-जामनेर नॅरोगेज गाडी पहूरवरूनच जायची. लॉकडाऊनमध्ये बंद झाली ती झालीच, आता तिथे ब्रॉडगेजचं काम निघालंय. गेज बदलायचं म्हणजे स्टेशनवर नवी पाटी लावून भागत नाही. रूळ उखडावे लागतात. क्यूटीच्या कंपनीच्या अटी एकाच प्रकल्पात कमर्शियल आणि ओपन सोर्स मिसळू देत नाहीत. ओपन सोर्सवर सुरू केलेलं काम कमर्शियलवर न्यायचं असेल तर आधी आमच्याशी बोला, असं कंपनीच सांगते. शिवाय भावाचं वांगं क्यूटीचं एकट्याचं नव्हतं, रिव्हरबँकचंही होतं. म्हणजे दोन दारं ठोठवायची, आणि ती डॉलर-पौंडांत. बारा हजाराच्या प्रोग्रामसाठी हे गणित बसत नाही.

दुसरी वाट जास्त मजेशीर निघाली. नोकियाला २००९मध्ये पायक्यूटी एलजीपीएलखाली हवं होतं. रिव्हरबँकशी ते जमलं नाही, म्हणून नोकियाने स्वतःचा वेगळा दुवा बनवला: ‘पायसाइड’. आता क्यूटीची कंपनीच तो सांभाळते. काम तेच, लायसन्स एलजीपीएल. एलजीपीएलमध्ये तुमचा स्वतःचा कोड तुम्ही बंद ठेवू शकता. बदल्यात काही गोष्टी पाळायच्या: यात क्यूटी आहे हे सांगायचं, लायसन्सचा मजकूर सोबत द्यायचा, आणि वापरणाऱ्याला हवं असेल तर त्याने क्यूटीचा तो भाग बदलून दुसरी आवृत्ती घालता आली पाहिजे. म्हणून सगळं एका फाइलमध्ये ठासण्यापेक्षा फोल्डर द्यायचं, क्यूटीच्या फायली त्यात सुट्या दिसतील असं.

दोघांनी रविवारी बसून हे बदललं. म्हणजे तो बदलत होता, मी वाचून दाखवत होते. बराचसा बदल प्रत्येक फाइलच्या वरच्या इम्पोर्टच्या ओळींत. ‘पायक्यूटीसिग्नल’च्या जागी नुसतं ‘सिग्नल’, ‘पायक्यूटीस्लॉट’च्या जागी ‘स्लॉट’. दुपारच्या चहापर्यंत पावती छापली गेली. मावशी म्हणाली, “झालं का तुमचं?” आम्ही म्हणालो, झालं.

झालं नव्हतं. काकांचा आवडता ग्राफ! तो ‘क्यूटी चार्ट्स’ वापरून काढलेला होता, आणि ओपन सोर्सच्या दाराने आलात तर क्यूटी चार्ट्स एलजीपीएलखाली मिळत नाही, फक्त जीपीएल. म्हणजे क्यूटीच्या एकाच घरात काही खोल्यांना एक कुलूप, काही खोल्यांना दुसरं. इन्स्टॉलरमध्ये तुम्ही प्रत्येक भागासमोर टिक करता तेव्हा हा फरक मोठ्या अक्षरात लिहिलेला नसतो. तो त्या भागाच्या कागदपत्रांत, लायसन्सच्या उताऱ्यात असतो. एका ग्राफपायी अख्खा प्रोग्राम पुन्हा जीपीएल झाला असता. शेवटी ‘पायक्यूटीग्राफ’ सापडलं. नावात पायक्यूटी, पण लायसन्स एमआयटी आणि पायसाइडबरोबरही चालतं! नावावरून लायसन्स ओळखायला गेलो असतो तर नेमकं हेच टाकून दिलं असतं. तुम्हीही नावावर जाऊ नका. ‘पिप शो’ लिहून पुढे पॅकेजचं नाव द्या, बहुतेक वेळा लायसन्स तिथेच एका ओळीत दिसतं. दहा सेकंदांचं काम आहे.

तिसरी वाट भावाने घेतली नाही, पण माझ्या मते ती सगळ्यात कमी चर्चेत असलेली आणि विचार करण्यासारखी आहे: जीपीएलवरच राहायचं आणि पैसे दुसऱ्या गोष्टीचे घ्यायचे. मुंबईतली फ्रॅपे ही कंपनी ‘ईआरपीनेक्स्ट’ हे व्यवसायाचा हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर जीपीएलखाली देते. कोड कोणीही उतरवून घ्यावा. कंपनी ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवून देण्याचे, मदतीचे पैसे घेते. पहूरच्या व्यापाऱ्याला सोर्स कोडचं काय करायचंय? त्याला ऐन सीझनमध्ये रात्री नऊला पावती छापली गेली नाही तर मोटारसायकलवर येणारा पोरगा पाहिजे. बारा हजार त्या पोराचे असतात. भाऊ मात्र म्हणतो, “एकदा कॉपी मिळाली की कोण विचारतंय भो!” तोही चुकीचं बोलत नाही. इकडे कॉपी म्हणजे हक्कच समजतात.

आता ती पऱ्हाटी कोणाच्या शेतातली, त्याकडे येऊ. कॉलेजातून पुण्याला नोकरीला जाणाऱ्यांसाठी हे जास्त महत्त्वाचं आहे. साधन तुमच्या प्रोग्रामसोबत जात नसलं तरी ते साधन कोणी वापरायचं यावर अट असू शकते. व्हिज्युअल स्टुडिओची ‘कम्युनिटी’ आवृत्ती विद्यार्थी म्हणून, एकटे म्हणून खुशाल वापरा. पण २५०हून जास्त कॉम्प्युटर किंवा वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपनीत नेहमीच्या कामासाठी ती चालत नाही. डॉकर डेस्कटॉप सगळ्यांना फुकट होतं. ऑगस्ट २०२१मध्ये अटी बदलल्या आणि २५०हून जास्त कर्मचारी किंवा एक कोटी डॉलरहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना पैसे लागू झाले. ओरॅकलच्या जावाचं तर काय सांगावं! एप्रिल २०१९मध्ये जुन्या जावा ८च्या नव्या अपडेट्सना ऑफिसच्या वापरासाठी पैसे लागू, २०२१मध्ये जावा १७ पुन्हा फुकट, आणि २०२३पासून सबस्क्रिप्शनचा दर कंपनीतल्या एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवर, जावा कितीजण वापरतात यावर नाही. त्याच जावाचं ओपन सोर्स रूप ओपनजेडीके आहे, त्याच्या तयार आवृत्त्या एक्लिप्सचं ‘टेम्युरिन’ किंवा ॲमेझॉनचं ‘कोरेटो’ म्हणून फुकट मिळतात. बहुतेक प्रोग्राम दोन्हींवर सारखेच चालतात. पण कॉलेजात ज्या साइटवरून डाउनलोड करायची सवय लागली, तिथूनच ऑफिसातही हात आपोआप डाउनलोड करतात. घरचा लॅपटॉप तोच, माणूस तोच. ऑफिसचं गेट ओलांडलं की अटी बदलतात.

क्रॅकबद्दल मी भाषण देणार नाही, फक्त एक माहिती. कॉपीराइट कायद्याच्या ६३-बी कलमात, प्रोग्रामची बेकायदा प्रत माहीत असून वापरली तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाखांपर्यंत दंड लिहिलेला आहे. शिवाय क्रॅकची गरजही उरलेली नाही. आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प महागड्या सॉफ्टवेअरऐवजी मोकळी साधनं कॉलेजांत रुजवायचं काम करतो; मॅटलॅबऐवजी सायलॅब, सर्किटसाठी ई-सिम. त्यांच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठी आवाजातले धडेही आहेत. आमच्या ओळखीतल्या किती मुलांना हे माहीत आहे? मी पाच जणांना विचारलं. चौघांनी निळ्या पडद्याच्या टर्बो सीचं नाव घेतलं, जे आमच्या जन्माच्या आधीचं आहे.

काही जणांना वाटेल, पहूरमधल्या एका पोराच्या प्रोग्रामची चौकशी करायला नॉर्वे-इंग्लंडहून कोण येणार? बहुधा कोणीच नाही. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत तर पहिल्यांदा चुकलेल्याला नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत चूक सुधारायची मुभाही आहे. म्हणजे हे लायसन्स लोकांना कोर्टात खेचण्यासाठी लिहिलेलं नाही. पण भावाला दुसरी भीती होती. त्याला हे काम पुढे जिनिंगपर्यंत न्यायचं होतं. जिनिंगवाल्यांकडे सीए असतो, वकील असतो. त्यांनी एक प्रश्न विचारला असता आणि त्याच्याकडे उत्तर नसतं.

स्टँप पेपरचा मसुदा बदलला. आता त्यात लिहिलंय की मूळ प्रोग्राम बनवणाऱ्याचा असून त्यात वापरलेल्या इतर सॉफ्टवेअरची यादी आणि लायसन्स सोबत जोडले आहेत. यादी एका पानाची झाली. व्यापाऱ्याने ते पान उलटसुलट बघितलं आणि विचारलं, “हे एवढे सगळे पार्टनर आहेत का तुझे?” भाऊ म्हणाला, “तसंच समजा.” सही झाली. इकडे शेजारचे काका मात्र अजून नाराज आहेत: नव्या ग्राफमधली भावाची रेघ पूर्वीसारखी हिरवी नाही, निळी आहे.